हायड्रॉलिक डिस्क ब्रेक धरत नाही? ब्लीडिंगला देण्याआधी लिव्हर दाबून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं वापरलेली हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल), शिमानो एमटी२०० हायड्रॉलिक ब्रेक, दोन्ही चाकांना १६० मिमीचे रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती), चालवणाऱ्याचं वजन ८४ किलो. नवे असताना ब्रेक नीट धरत होते. पावसाळा संपल्यावर सायकल दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर धुऊन घेतली. त्यानंतर सिंहगडावरून उतरताना पुढचा ब्रेक, लिव्हर कडक असूनही, कितीही दाबला तरी धरेना, शिवाय चिरका आवाज. मागचा ब्रेक गडावर ठीक होता, पण अर्ध्या घाटात लिव्हर हँडलला टेकायला लागला. दुकानात दोन्ही ब्रेक ब्लीड करून घेतले, तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच. आता दुकानदार म्हणतो, हे ब्रेकच कमी ताकदीचे आहेत, चार पिस्टनचा (पॅड रोटरवर दाबणाऱ्या दट्ट्यांचा) सेट बसवा. बसवावा का?

इतक्यात नको. एमटी२०० हे साधे, स्वस्त ब्रेक आहेत, पण ८४ किलोच्या माणसाला सिंहगडावरून नीट उतरवण्याइतकी ताकद त्यांच्यात आहे. ते नवे असताना नीट धरत होते असं तुम्हीच लिहिलंय. मग मधे काहीतरी बिघडलंय, आणि ते काय हे न शोधता नवे ब्रेक बसवले तर पुढच्या पावसाळ्यानंतर नव्या ब्रेकचंही हेच होईल.

तुमच्या सायकलीला दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दुकानात दोन्हींवर एकच औषध दिलं गेलं. पुढच्या ब्रेकचा लिव्हर कडक आहे, पण चाक थांबत नाही. मागच्याचा लिव्हर पोकळ पडतो. ब्लीडिंग म्हणजे पाइपात अडकलेली हवा बाहेर काढणं. हवा दाबली की आकसते, ऑइल आकसत नाही, म्हणून हवा असली की लिव्हर पोकळ लागतो. लिव्हर जर कडक लागत असेल तर तुमच्या बोटाचा दाब पॅडपर्यंत व्यवस्थित पोचतोय. अशा ब्रेकचा दोष पॅड आणि रोटर जिथे एकमेकांना घासतात तिथे असतो, आणि तिथे ब्लीडिंगचा काडीचा उपयोग नाही. मी पुण्यात सायकली दुरुस्त करतो. दिवाळीच्या आसपास माझ्याकडे येणाऱ्या ‘ब्रेक कमजोर झालाय’ अशा सायकलींमध्ये बऱ्याच जणींचं ऑइल उत्तम असतं आणि पॅड मात्र तेल पिऊन बसलेले असतात.

सायकल डोळ्यांसमोर नसताना काही गोष्टी मला ठामपणे सांगता येणार नाहीत. पॅड किती उरलेत, दुकानात कोणतं ऑइल भरलं, कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो रोटरवरचा भाग) गळतोय का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. पण हे तिन्ही घरी तपासता येतं.

सुरुवात लिव्हरपासून करा. सायकल उभी ठेवून एका बोटाने ब्रेक दाबा आणि दहा सेकंद तसाच धरा. थोडा प्रवास करून तो कडक थांबला आणि तिथेच राहिला, तर ऑइलची बाजू ठीक. दाबताना स्पंजासारखा लागला आणि पटापट तीन-चार वेळा दाबल्यावर सुधारला, तर आत हवा आहे, किंवा पॅड पार झिजलेत, किंवा पिस्टन गरजेपेक्षा जास्त मागे जातायत. आणि धरून ठेवलेला लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत राहिला, तर कुठलं तरी सील दाब धरत नाहीये. तशी सायकल घाटात नेऊच नका, हे मी फार गांभीर्याने सांगतोय. ही तपासणी सपाटीवर थंड ब्रेकने करायची आणि मग एखाद्या उतारावर ब्रेक तापवून पुन्हा करायची. तुमचा मागचा ब्रेक वर ठीक होता आणि खाली पोकळ झाला. असा दोष थंड ब्रेकमध्ये सापडत नाही, आणि दुकानात ब्रेक थंडच असतो.

आता पुढचा ब्रेक घेऊ. तुम्ही वॉशिंग सेंटरचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. दुचाकी धुतल्यावर इंजिनवर आणि खालच्या भागावर डिझेलचा किंवा पातळ ऑइलचा फवारा मारायची पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. मोटारसायकलला गंज चढू नये, चमक यावी म्हणून ते करतात, आणि सायकल आली की तिच्यावरही हात फिरवतात. सायकलीचा रोटर उघडा असतो. त्या फवाऱ्याचा नुसता धुरळा रोटरवर बसला तरी पुढच्या दोन-चार ब्रेकमध्ये तो पॅडमध्ये मुरतो. घरीही हेच होतं: फोर्कच्या नळ्यांवर स्प्रे मारला, चेनवर डब्यातून ल्यूब उडवलं, किंवा ब्रेक ओरडतोय म्हणून कुणीतरी थेट कॅलिपरवर गंज सोडवायचा स्प्रे मारला. तो शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. आवाज थांबतो खरा, पण आवाजाबरोबर पकडही जाते.

चाक काढा, पॅड बाहेर काढा. कॅलिपरमधली पॅडची पिन बऱ्याचदा फाकवलेल्या टोकाची असते, ती सरळ करून ओढायची. चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही. दाबलात तर पिस्टन पुढे येतील आणि चाक परत बसणार नाही. लिव्हरजवळ ‘हात लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

पॅड उजेडात बघा. निरोगी रेझिन पॅडचा (चिकट द्रव्यात कण बांधून केलेल्या) पृष्ठभाग मॅट, किंचित खरखरीत दिसतो. आरशासारखा चमकत असेल तर तो तापून काचेसारखा झालाय. काळपट, ओलसर डाग दिसत असतील किंवा नखाने घासल्यावर चिकट लागत असेल तर तेल मुरलंय. जाडीही मोजा: लोखंडी पाठ सोडून घासणारा थर ०.५ मिमीपर्यंत आला असेल तर शिमानोच्या सांगण्यानुसार पॅड संपले. मी स्वतः १ मिमीच्या खाली गेल्यावर पावसाळ्यात पॅड ठेवत नाही. सह्याद्रीतल्या चिखलात मुरूम असतो, आणि ओल्या मुरमाने रेझिन पॅड एका लांबलचक भिजऱ्या उतारात बघता बघता उतरतात.

नुसती चमक असेल तर पॅड वाचतात. सपाट काचेवर किंवा फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पॅड हलक्या हाताने गोल फिरवायचे, चमक जाईपर्यंत. तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका, आणि फुंकर मारून उडवू नका. तेल मुरलेले रेझिन पॅड मात्र टाकून द्या. ते गॅसवर भाजून तेल जाळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. रेझिन पॅडमधले कण ज्या चिकट द्रव्याने धरलेले असतात ते भाजल्यावर खराब होतं, धूर विषारी असतो, आणि थोडी परतलेली पकड ब्रेक खरोखर तापला की पुन्हा जाते, म्हणजे नेमकी घाटात. नव्या पॅडची जोडी नव्या ब्रेकच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत मिळते. घेताना जुना पॅड दुकानात घेऊन जा आणि आकार ताडून बघा. एमटी२०० ला बी०१एस किंवा त्यानंतर आलेले बी०५एस हे रेझिन पॅड बसतात.

नवे पॅड आणलेत तरी लगेच बसवू नका. आधी रोटर साफ झाला पाहिजे, नाहीतर रोटरवरचं तेल नव्या पॅडमध्ये जाईल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल. रोटर काढून भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. हे केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. कापड नवं आणि सुती, आणि प्रत्येक पुसण्याला त्याची कोरी बाजू. कापडावर काळं उमटायचं थांबेपर्यंत पुसत राहायचं. त्यानंतर रोटरच्या घासणाऱ्या पट्ट्याला बोट लावायचं नाही, बोटावरचं तेलही पुरेसं असतं. कॅलिपरचं तोंडही आतून अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, पण स्प्रे मारू नका.

रोटर हातात आहे तोवर दोन गोष्टी बघून घ्या. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिमी जाड असतो आणि १.५ मिमीवर बाद होतो. ही मर्यादा रोटरवर कोरलेली असते; साध्या व्हर्निअरने मोजता येते, फक्त झिजलेल्या पट्ट्यातच मोजा, बाहेरच्या कडेला झीज कळत नाही. दुसरं म्हणजे रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा अशी इंग्रजी सूचना छापलेली आहे का. एमटी२०० सोबत येणाऱ्या स्वस्त रोटरवर ती बहुधा असते. अशा रोटरवर मेटल पॅड बसवले तर नरम पोलादाचा तो रोटर लवकर खाल्ला जातो. ‘मेटल पॅड टाका, ब्रेक जबरदस्त होईल’ असं सांगणारे बरेच भेटतात, रोटरकडे कुणी बघत नाही.

आता ज्या पायरीवर बहुतेक जण घाई करतात ती: नवे पॅड लावल्यावर ते रोटरला सरावून घेणं. नवा पॅड आणि साफ रोटर सुरुवातीला धरत नाहीत. ब्रेक लावता लावता पॅडचा अत्यंत पातळ थर रोटरवर सारखा पसरतो आणि मग पॅड त्या थराला धरतो, तिथून खरी पकड सुरू होते. हा थर तयार होण्याआधी थेट घाट उतरलात तर पॅड काचेसारखे होतात आणि नवा पॅडही खराब निघाला असं वाटतं. सकाळी रिकामा असलेला हलका उतार शोधा. मध्यम वेगाला जा, एकच ब्रेक घट्ट पण सावकाश दाबा, चालण्याच्या वेगापर्यंत या, सोडा. चाक लॉक करायचं नाही आणि पूर्ण थांबायचंही नाही, नाहीतर एकाच जागी पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक धडधडतो. असं वीसेक वेळा, मग जरा जास्त वेगाने आणखी दहाएक वेळा. मग दुसऱ्या ब्रेकचं. पहिल्या चार-पाच वेळा काहीच होत नाही असं वाटेल, मग अचानक ब्रेक चावायला लागेल. तो बदल बोटाला स्पष्ट कळतो.

हे सगळं करूनही पुढचा ब्रेक आठवड्याभरात पुन्हा तेलकट झाला, तर तेल बाहेरून येत नाहीये, कॅलिपरच्या पिस्टनचं सील गळतंय. पॅड काढा, त्यांच्या जागी कॅलिपरला येणारा ब्लीड ब्लॉक (पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून अडकवायचा प्लॅस्टिकचा ठोकळा) लावा, आतला भाग कोरडा पुसून पिस्टनच्या कडेला टिश्यू पेपरचे तुकडे कोंबा, लिव्हर रबरबँडने हँडलला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी टिश्यूवर तेलाचा डाग दिसला तर कॅलिपर बदला. शिमानोच्या कॅलिपरची सीलं सुटी मिळत नाहीत, त्यामुळे ‘सील बदलून देतो’ म्हणणाऱ्याला ती कुठली आणली हे जरूर विचारा. कॅलिपर मात्र सुटा मिळतो, लिव्हर आणि पाइप तेच चालतात.

मागच्या ब्रेककडे वळण्याआधी मला एकाच गोष्टीची खरी काळजी आहे. दुकानात कोणतं ऑइल भरलं?

शिमानो, मगुरा आणि टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. होपचे ब्रेक आणि हेज व स्रॅमचे बरेचसे ब्रेक डॉट ऑइलवर चालतात; स्रॅमनेही अलीकडच्या काही मॉडेलमध्ये मिनरल आणलंय, म्हणून नावावर न जाता लिव्हरवर काय छापलंय ते वाचायचं. आपल्या गल्लोगल्लीच्या गॅरेजात ‘ब्रेक ऑइल’ म्हणून जी बाटली असते ती मोटारींची डॉट ३ किंवा डॉट ४ असते. ती मिनरलच्या ब्रेकमध्ये गेली की आतली रबरी सीलं फुगतात. सुरुवातीला लिव्हर छान कडक लागतो. मग काही दिवसांत तो परत यायला आळस करतो, पिस्टन अडकतात, गळती सुरू होते. तुमचा ब्रेक ब्लीड केल्यावर काही दिवस ठीक राहून बिघडला, म्हणून हा संशय आधी मिटवायचा.

परीक्षा सोपी आहे. लिव्हर आडवा समतल करा, वरचा छोटा ब्लीड स्क्रू २.५ मिमीच्या ऍलन कीने काढा, आतलं थोडं ऑइल सिरिंजने किंवा काडीने घ्या आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. मिनरल ऑइल पाण्यावर तरंगतं, डॉट पाण्यात मिसळून जातं. शिमानोचं ऑइल गुलाबी-लालसर असतं, तेही बघा, पण जुनं ऑइल काळवंडतं, म्हणून रंगापेक्षा पाण्याच्या परीक्षेवर जास्त भरवसा ठेवा. हे करताना हातात मोजे घाला आणि खाली फडकं ठेवा, कारण डॉट सांडलं तर रंग उतरवतं. डॉट निघालं तर तो ब्रेक धुऊन पुन्हा मिनरल भरून वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही. सीलं एकदा फुगली की त्यांचा भरवसा नाही, आणि ब्रेक ही भरवशाची वस्तू आहे. अशा वेळी तो पूर्ण संच बदला. बेबी ऑइल, शिलाई मशीनचं तेल वगैरे प्रयोगही नकोत.

ऑइल बरोबर निघालं असं धरून पुढे जातो. गडावर ठीक आणि अर्ध्या घाटात पोकळ, याचा अर्थ उष्णतेचा काहीतरी संबंध आहे. तुम्ही, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून १०० किलो धरू, आणि ६०० मीटर उंची उतरलात असं धरू. साधारण ५९० किलोज्यूल ऊर्जा होते. पावणेदोन लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी. यातली काही वारा आणि टायर खातात, बाकी सगळी त्या दोन पातळ रोटरांत जाते. पुढचा ब्रेक तेलकट असल्यामुळे धरत नव्हता, म्हणजे ती जवळजवळ सगळी मागच्या एकट्यावर आली. तुमचा मागचा ब्रेक पुढच्या ब्रेकच्या आजाराने आजारी पडला, असं माझं मत आहे. पुढचा दुरुस्त झाला की मागच्याचं अर्धं दुखणं आपोआप कमी होईल.

उरलेलं अर्धं म्हणजे उष्णतेने नेमकं काय झालं. शिमानोचं मिनरल ऑइल ताजं असताना २८० अंशांच्या आसपास उकळतं, तिथपर्यंत तुम्ही पोचला असाल असं वाटत नाही. पण मिनरल ऑइलमध्ये पाणी विरघळत नाही. पावसाळ्यात किंवा प्रेशर पंपाच्या माऱ्याने आत गेलेला पाण्याचा थेंब ऑइलपेक्षा जड असल्यामुळे खाली, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसतो आणि १०० अंशांना त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, लिव्हर टेकतो. खाली येऊन थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक ठीक वाटतो. अडकलेली हवाही तापल्यावर फुगते, तिचं लक्षण असंच दिसतं. डॉटचं उलट आहे: ते हवेतला ओलावा शोषून घेतं, पाणी सगळीकडे पसरतं आणि उकळण्याचा बिंदूच खाली येतो. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ओलावा घेतलेल्या डॉट ४ साठी हाच आकडा १५५ आहे. म्हणून डॉटचे ब्रेक असणाऱ्यांनी दरवर्षी पावसाळ्यानंतर ऑइल बदलावं. मिनरलवाल्यांनी दीड-दोन वर्षांनी बदललं तरी चालतं, पण बदलताना कॅलिपरच्या तळातलं ऑइल बाहेर आलंच पाहिजे.

आणि इथेच मला वाटतं तुमचं ब्लीडिंग अर्धवट झालं. अनेक ठिकाणी फक्त लिव्हरला फनेल लावून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत लिव्हर दाबतात आणि काम झालं म्हणतात. त्याने वरची हवा निघते. कॅलिपरमधलं जुनं ऑइल, पाणी आणि तिथली हवा जागेवरच राहते.

पूर्ण ब्लीडिंग असं: चाक आणि पॅड काढा. पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने सावकाश मागे ढकला. स्क्रू-ड्रायव्हर नको, काही कॅलिपरमधले पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि त्यांचा टवका उडतो. मध्ये पिवळा ब्लीड ब्लॉक अडकवा. पिस्टन बाहेर आलेले असतानाच ऑइल भरलं तर ते गरजेपेक्षा जास्त भरतं आणि नवे पॅड टाकल्यावर रोटर घासत राहतो. लिव्हर समतल करून वर फनेल लावा. खाली कॅलिपरच्या निपलला (ऑइल आत-बाहेर करायच्या तोंडाला), साधारणपणे ७ मिमीचा पाना लागतो, ऑइल भरलेली सिरिंज जोडा. सिरिंजच्या नळीत एकही बुडबुडा नको. निपल पाव फेरा उघडून ऑइल खालून वर ढकला. हवेला वर जायचंच असतं, आपण तिला मदत करायची. ढकलताना पाइपवर आणि कॅलिपरवर प्लॅस्टिकच्या दांड्याने टकटक करा. वर फनेलमध्ये आधी काळं ऑइल, बुडबुडे, मग स्वच्छ गुलाबी ऑइल येईल. निपल बंद करून सिरिंज काढा, त्या जागी पिशवी किंवा छोटी बाटली बांधलेली नळी लावा. आता फनेलमध्ये ऑइल ठेवून निपल उघडा आणि वरून खाली बरंचसं ऑइल वाहू द्या. तळाचं पाणी असलं तर याच वेळी निघतं, म्हणून कंजूषपणा नको. शेवटी निपल बंद करून लिव्हर दाबत राहा, हँडल जरा वर, जरा खाली असं तिरकं करून पुन्हा दाबा. लिव्हर कडक झाला की फनेलला बूच लावून काढा आणि लिव्हरचा स्क्रू ओतप्रोत ऑइलवर बसवा. निपल घट्ट करताना जोर लावू नका, ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरे. सगळं पुसून अल्कोहोल मारा, मगच पॅड आणि रोटर जवळ आणा.

हे घरी जमणार नसेल तर दुकानात द्या, पण ‘खालून सिरिंजने ढकलून, मिनरल ऑइलनेच’ असं स्पष्ट सांगा आणि बाटली बघायला मागा. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही.

इथवरचं जरा एकत्र करतो, कारण सांगणं बरंच लांबलं. पुढचा ब्रेक: रोटर साफ, पॅड नवे, मग रिकाम्या उतारावर पॅड सरावून घेणं, ब्लीडिंग नाही. मागचा: ऑइलची पाण्यातली परीक्षा, पॅडची जाडी, मग खालून वर पूर्ण ब्लीडिंग.

परत जोडताना कॅलिपर मध्यावर आणा. त्याचे ५ मिमी ऍलनचे दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर घट्ट दाबून धरा, दाबलेला असतानाच बोल्ट आळीपाळीने आवळा, ६ ते ८ न्यूटन-मीटर. चाक फिरवून बघा. एकच पिस्टन पुढे येत असेल आणि दुसरा झोपलेला असेल, तर रोटर एका बाजूला वाकतो आणि लिव्हर पोकळ लागतो. हवेचा दोष नसताना हवेसारखं दिसणारं हे एक दुखणं आहे. पॅड काढून पिस्टन अगदी थोडे बाहेर आणा, अडकलेल्याच्या कडेला मिनरल ऑइलचा थेंब लावा, चालणाऱ्याला अडवून अडकलेल्याला मागेपुढे खेळवा. ऑइल पुसून मगच पॅड.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत म्हणून विचारतो. सायकल बसच्या डिकीत आडवी टाकून कुठे नेली होती का, किंवा पंक्चर काढायला उलटी उभी केली होती का? लिव्हरमधल्या छोट्या टाकीत थोडी हवा असली तर एरवी ती वर तरंगते आणि त्रास देत नाही. सायकल उलटी झाली की ती पाइपात उतरते. कोकणात सायकल घेऊन जाणाऱ्यांना पहिल्या सकाळी ब्रेक पोकळ लागतो तो यामुळे. सायकल सरळ उभी करून लिव्हर रबरबँडने बांधून रात्रभर ठेवा. हवा वर आली आणि ब्रेक सुधारला, तर टाकीत ऑइल कमी आहे एवढं समजा आणि सवडीने ब्लीड करा.

लिव्हर कुठे बसवलाय याकडे कुणी लक्ष देत नाही, पण ताकदीत त्याचा मोठा वाटा आहे. एक बोट लिव्हरच्या टोकाच्या वळणात बसलं पाहिजे. बहुतेक नव्या सायकलींत लिव्हर हँडलच्या ग्रिपला चिकटून लावलेला असतो, त्यामुळे बोट मध्यावर पडतं आणि तेवढी तरफ वाया जाते. क्लॅम्प ढिला करून लिव्हर हँडलच्या मध्याकडे सरकवा, दोन-तीन सेंटीमीटर तरी. पैसा लागत नाही, फरक लगेच कळतो. आणि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते बघून ठेवा. आपल्याकडे तो मोटारसायकलसारखा उजव्या हाताला असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींत डावीकडे असतो.

उतरण्याच्या पद्धतीबद्दल. सिंहगडाच्या रस्त्यावर जीप आणि दुचाकी असतात, त्यामुळे भीतीने दोन्ही ब्रेक सगळा घाट हलके घासत आणणारे बरेच दिसतात. त्यात रोटरला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही, आणि संथ वेगामुळे वाराही ऊर्जा खात नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, दोन्ही ब्रेक घट्ट लावून वेग पाडा, मग सोडून वळा. पुढचा ब्रेक घाबरून सोडून देऊ नका. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं आणि खरं थांबवणारा तोच असतो. अंग मागे, बोट सावकाश. लिव्हर लांब जायला लागला तर मोकळी जागा बघून थांबा आणि दहा-पंधरा मिनिटं ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका, तो वाकतो. थांबल्यावर लिव्हर दाबूनही धरू नका, तापलेला पॅड रोटरवर ठसा सोडतो.

राहिला चार पिस्टनचा प्रश्न. वरचं सगळं नीट झाल्यावर एकदा सिंहगड उतरून बघा. ब्रेक धरतोय, पण खाली येईपर्यंत बोट दुखतं किंवा रोटर निळसर पडतो, असं झालं तर मी आधी पुढचा रोटर १८० मिमीचा करायला सांगेन. १६० चा १८० केला की तेवढ्याच बोटाच्या जोराला साडेबारा टक्के जास्त पकड मिळते आणि उष्णता घ्यायला धातूही जास्त मिळतो. त्यासाठी कॅलिपरखाली ऍडॉप्टर लागेल, रोटर तुमच्या हबच्या प्रकाराचा, सहा बोल्टचा की सेंटरलॉकचा (मधल्या एकाच रिंगने आवळायचा), हे बघावं लागेल, आणि तुमच्या फोर्कला जास्तीत जास्त किती मिमीचा रोटर चालतो हे त्याच्या माहितीपत्रकात वाचावं लागेल. मेटल पॅड चालणारा रोटर त्याच वेळी निवडलात तर पावसाळ्यात मेटल पॅड लावता येतील. ते थंड असताना जरा कमी धरतात आणि आवाज करतात, पण चिखलात टिकतात. चार पिस्टनचे ब्रेक मी अशांना सुचवतो जे दर आठवड्याला दगडधोंड्यांच्या पायवाटांवर लांब उतार करतात, किंवा सामान लादून १२० किलोच्या वर वजन घेऊन घाट उतरतात. तुम्ही त्यांच्यातले असाल तर जरूर घ्या, फक्त ते बसवायच्या दिवशीही रोटर आधी साफ करून घ्या.